विहीर नासली, हे कुठे लिहायचे? : प्रवराकाठच्या लेखनातील एका अनुपस्थित शब्दाविषयी

तहसील कचेरीसमोरच्या ओळीत माझे टंकलेखनाचे दुकान होते. १९९२ साली हाताच्या टाइपरायटरवर सुरू केले, पुढे संगणक आला, आणि चार वर्षांपूर्वी मी ते बंद केले. अर्ज, प्रतिज्ञापत्रे, वाटणीचे मसुदे, हरकती असे सगळे तिथे टंकले जाई. प्रवरेच्या कालव्याखालचा पट्टा असल्याने पाण्याचे अर्ज पुष्कळ. पाळी मिळाली नाही, चारी फुटली, पाणीपट्टी जास्त लागली. त्यांतच दर गळीत हंगामात एक वेगळा अर्ज येई. माणूस बाकावर बसायचा, टोपी काढून मांडीवर ठेवायचा आणि सांगायचा, "विहीर नासली." मी टंकायचो : "विषय : अर्जदाराच्या विहिरीचे पाणी दूषित झाल्याबाबत."

दुकान आवरताना जुन्या प्रतींचे गठ्ठे सोडले आणि असे अर्ज वेगळे काढून पुन्हा वाचले. 'नासली' हा शब्द त्यांतल्या एकाही अर्जात नव्हता. सांगणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी तो होता. तो प्रत्येक वेळी मीच काढला होता. सरकारी कागदावर बरा दिसत नाही म्हणून.

या लेखाचे मूळ त्या गठ्ठ्यात आहे. मी विद्यापीठात घडलेला समीक्षक नव्हे. बारावीनंतर जे वाचले ते तालुक्याच्या वाचनालयात, दुकान बंद झाल्यावर. पण गेली काही वर्षे एक प्रश्न धरून वाचतो आहे. आमच्या जिल्ह्याने (आता तो कागदोपत्री अहिल्यानगर झाला आहे, सवयीने मी नगर म्हणतो) पाण्याविषयी इतके लिहिले, त्यात नासलेले पाणी कुठे आहे? माझे उत्तर असे की ते जवळजवळ नाही. ते का नाही, याची कारणे जितकी कारखान्याच्या नळीत आहेत तितकीच आपल्या भाषेच्या सवयींत आहेत.

पाण्याच्या तीन गोष्टी

नगर जिल्ह्याविषयीचे लेखन चाळले की पाण्याच्या तीन गोष्टी पुन्हा पुन्हा भेटतात.

पहिली गोष्ट, पाणी नाही. १८८४ च्या इंग्रजी गॅझेटियरपासून ती सुरू होते. त्यात जिल्ह्यातील दुष्काळांचा इतिहास आहे. १८७६-७७ चा दुष्काळ तर लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोरचा. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी आजही प्रत्येक घरात आहेत. मराठी ग्रामीण कादंबरीचा मोठा भाग याच गोष्टीवर उभा आहे. सदानंद देशमुखांची 'बारोमास' विदर्भातली असली तरी आमच्या पाथर्डी-कर्जतच्या वाचकाला ती आपलीच वाटते.

दुसरी गोष्ट, पाणी आले. प्रवरेवर ओझर आणि लाख येथे एकोणिसाव्या शतकातच छोटे कालवे निघाले होते. १९२६ मध्ये भंडारदऱ्याचे धरण पूर्ण झाले. सुमारे ११ टीएमसीचा तो साठा ओझरच्या बंधाऱ्यावरून डाव्या-उजव्या कालव्यांनी संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर, नेवाशाकडे वळला. पाण्यामागून ऊस आला, उसामागून कारखाने. हरेगावला बेलापूर कंपनी, १९३३ मध्ये महादेव डहाणूकरांचे टिळकनगर, आणि १९५०-५१ च्या हंगामात लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांच्या मालकीचा कारखाना. ही गोष्ट १९७६ च्या सुधारित गॅझेटियरमध्ये आहे, सहकारातल्या माणसांच्या चरित्रांत आहे, शाळेच्या पुस्तकांत आहे. पुढे राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजारने तिला पाणलोटाचे प्रकरण जोडले. ती खोटी नाही. माझे शिक्षण, बहिणींची लग्ने, घराचा स्लॅब, सगळे उसाच्या बिलावर झाले.

तिसरी गोष्ट, पाणी कोणाला? भंडारदरा ज्या अकोले तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातल्या धामणगावचे दया पवार. 'बलुतं' सर्वांना माहीत आहे. पण धरणावर राबणाऱ्या मजूर बाईची त्यांची कविता मला या संदर्भात अधिक मोलाची वाटते. आपल्या हातांनी अडवलेले पाणी आपल्या वाट्याला येत नाही, हे तिचे दुःख आहे. विश्वास पाटलांची 'झाडाझडती' धरणग्रस्तांच्या बाजूने हाच प्रश्न विचारते. जायकवाडी भरायची की भंडारदरा-मुळा राखायचे, हे नगर आणि मराठवाड्यातले भांडण त्याच प्रश्नाचे राजकीय रूप. २००५ च्या जलसंपत्ती नियमन कायद्याने त्याला 'समन्यायी पाणीवाटप' हा शब्द दिला.

तीनही गोष्टी मोजमापाच्या आहेत. किती आहे, किती आले, कोणाला किती गेले. पाणी म्हणजे टीएमसी, इंच, पाळी, तास. ते जिथे पोहोचले तिथे गोष्ट संपते. पोहोचल्यानंतर त्या पाण्याचे काय झाले, हा चौथा प्रश्न कोणीच विचारत नाही. रंगनाथ पठारे यांची 'ताम्रपट' ही आमच्या भागाच्या सत्ताकारणाची मोठी कादंबरी आहे. सहकार, शिक्षणसंस्था आणि माणसांची घसरण तिने जितकी खोल पाहिली तितकी दुसऱ्या कोणी क्वचितच पाहिली असेल. तिचा प्रश्न सत्तेचा आहे, आणि एका कादंबरीने सगळेच प्रश्न घ्यावेत असे म्हणणे अडाणीपणाचे ठरेल. मात्र इतक्या लेखकांच्या आणि इतक्या वर्षांच्या लेखनात कोणालाच ही विहीर लागू नये, याला योगायोग म्हणणे मला जड जाते.

चौथ्या गोष्टीचे सामान

लिहिण्यासारखे काही घडलेच नाही, असे म्हणता येणार नाही.

उसाच्या वजनात सुमारे ७० टक्के पाणी असते. दिवसाला ५,००० टन ऊस गाळणाऱ्या कारखान्यात उसाबरोबरच सुमारे ३,५०० टन पाणी येते. ते वाफ होते, थंड होऊन पुन्हा पाणी होते, आणि यंत्रांच्या धुण्याबरोबर तेल, साखर, चोथा घेऊन कुठेतरी जाते. २०१६ च्या केंद्रीय अधिसूचनेने टनाला २०० लिटरपेक्षा जास्त सांडपाणी सोडू नये अशी मर्यादा घातली. साखर कारखान्याचे हे पाणी तुलनेने सौम्य असते. खरा प्रश्न शेजारच्या आसवनीचा, म्हणजे डिस्टिलरीचा. तिथे एक लिटर अल्कोहोलमागे साधारण ८ ते १५ लिटर काळपट तपकिरी, आंबूस वासाचे पाणी उरते. त्याला स्पेंटवॉश म्हणतात. त्याचा बीओडी लिटरला ४०,००० ते ५०,००० मिलिग्रॅम असू शकतो.

बीओडी हा शब्द बातम्यांत येतो, पण कोणी उलगडून सांगत नाही. पाण्यातली घाण कुजवणारे जीवाणू पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. तो किती लागेल, याचे माप म्हणजे बीओडी. आमच्याकडच्या हवेत स्वच्छ पाण्याच्या एका लिटरमध्ये जेमतेम ८ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. म्हणजे कच्चा स्पेंटवॉश एक लिटर ओढ्यात गेला, तर तो पचवायला पाच-सहा हजार लिटर स्वच्छ पाण्यातला सगळा प्राणवायू लागेल. नदीत सोडायच्या पाण्याला म्हणूनच ३० आणि जमिनीवर सोडायच्या पाण्याला १०० ची मर्यादा आहे. आसवन्यांनी बाहेर काहीच सोडू नये, असे २००३ च्या केंद्रीय सनदेपासून ठरलेले आहे. ते आटवायचे, बॉयलरमध्ये जाळायचे किंवा प्रेसमडमध्ये मुरवून खत करायचे. जिथे हे नीट होते तिथे ओढा वाचतो. जिथे साठवणीचे तलाव पाझरतात किंवा रात्री झडप उघडते, तिथला ओढा सकाळी काळा असतो.

दोषाची वाटणी मात्र नीट केली पाहिजे. आमचे सगळेच पाणी आसवनीने बिघडवलेले नाही. काळ्या जमिनीत निचरा नाही, तिला शंभर वर्षे पाटपाणी भरपूर दिले. खालचे क्षार वर आले, रान चोपण झाले. ही गोष्ट कारखान्यांपेक्षा जुनी आहे. १९१६ मध्ये पुण्यात सिंचन संशोधनाचा स्वतंत्र विभाग निघाला, जो पुढे खडकवासल्याचे केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र झाला. दख्खनच्या कालव्यांखालच्या पाणथळ आणि खारवट जमिनी हा त्याच्या सुरुवातीच्या कामाचा भाग होता. इंग्रजाला १९१६ मध्ये दिसलेली गोष्ट आमच्या गौरवग्रंथांत शंभर वर्षांनीही दिसत नाही. शिवाय युरिया आम्हीच टाकला आणि तो विहिरीत आम्हीच उतरवला. नासण्याला एकच हात लागलेला नाही. म्हणूनच तिची गोष्ट सांगायला अवघड आहे, आणि म्हणूनच ती बातमीपेक्षा साहित्याच्या कामाची आहे.

'मळी' नावाचा गोंधळ

आता भाषेकडे. या विषयावरच्या मराठी बातमीत हमखास येणारा शब्दप्रयोग म्हणजे 'मळीमिश्रित पाणी'. मी कितीतरी अर्जांत तो वापरला. पण मळी म्हणजे काय?

सरकारी परिभाषेत मळी म्हणजे साखर काढून उरलेला घट्ट काळा पाक. त्याला भाव असतो, त्याची निर्यात होते, त्यापासून अल्कोहोल निघते. शेतकऱ्याच्या बोलीत मात्र पुष्कळ ठिकाणी मळी म्हणजे रस गाळताना निघणारा गाळ, ज्याला कारखाना प्रेसमड म्हणतो. ती ट्रॉलीने आणून रानात टाकतात, खत म्हणून चांगली असते. आणि वर्तमानपत्रात मळी म्हणजे ओढ्यातले काळे पाणी. एकाच शब्दात विकायचा माल, शेताचे खत आणि विहिरीचे विष अशा तीन वस्तू कोंबलेल्या आहेत.

याचा परिणाम मी दुकानात पाहिला आहे. अर्जात 'मळीमिश्रित पाणी सोडले' असे असले की उत्तर येई : मळी हा मौल्यवान पदार्थ असून तो बाहेर सोडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. उत्तर शब्दशः खरे असे. मळी कोणी सोडत नाही. सोडला तर स्पेंटवॉश सोडतात, आणि त्याला मराठीत नाव नाही. ज्याला नाव नाही त्याच्याविरुद्ध तक्रार कशी टिकणार? अर्ज निकाली निघे. अर्जदार मला विचारी, "काय चुकलं?" मी म्हणे, "पुरावा कमी पडला." कमी शब्द पडला होता, हे मला फार उशिरा कळले.

बाटणे आणि नासणे

प्रदूषण हा शब्द मराठीत रुळला तो कायद्याच्या वाटेने. महाराष्ट्राचा जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा १९६९ चा, प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० चे. त्याआधी बोलीत 'दूषण' होते, पण ते द्यायचे असते. दूषण देणे म्हणजे दोष देणे. पाण्याशी त्याचा संबंध नव्हता.

मग अशुद्ध पाण्यासाठी मराठीजवळ जुना शब्द नव्हता का? होता, आणि फार जोरकस होता. बाटणे. पाणी बाटते, विहीर बाटते, विटाळ होतो. ही परिभाषा शेकडो वर्षे पाणवठ्यावर राज्य करत होती आणि तिला पाण्यात काय मिसळले याच्याशी कर्तव्य नव्हते. कोणी स्पर्श केला एवढेच ती विचारी. मार्च १९२७ मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांसह हजारो लोक चवदार तळ्याचे पाणी प्याले. नंतर सनातन्यांनी त्याच तळ्यात शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून ते 'शुद्ध' केले. पाण्याच्या शुद्धतेची आपली कल्पना काय होती, याचा याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही. स्वच्छ पाणी माणसाच्या स्पर्शाने अशुद्ध ठरत होते आणि शेण कालवून शुद्ध होत होते.

नासणे ही त्याच्या उलट बाजूची कल्पना आहे. दूध नासते, पीठ नासते, पाणी नासते. यात जात नाही, देव नाही, पाप नाही. वस्तूच्या आत काहीतरी बिघडले आहे आणि ते नाकाला, जिभेला, कातडीला कळते. हा शब्द अनुभवाचा आहे आणि मुख्यतः बायकांचा आहे, कारण पाणी भरणे आणि रांधणे त्यांच्याकडे. म्हणूनच तो लेखनात खाली राहिला. पाण्याच्या पावित्र्यावर आपण ग्रंथ लिहिले; प्रवरेला अमृतवाहिनी म्हटले, नेवाशाच्या मोहिनीराजाशी अमृताची कथा जोडली. तिच्याच काठी ज्ञानेश्वरी झाली. इतक्या पवित्र नदीला नासली असे कसे म्हणायचे? काठावरची बाई मात्र रोज म्हणत होती.

तिचे म्हणणे अडाणी नसते. "डाळ शिजत नाही" म्हणजे पाण्यातली कठीणता वाढली. कॅल्शियम डाळीची साल मऊ होऊ देत नाही. "साबणाला फेस येत नाही" म्हणजेही तेच. "गुरं तोंड लावत नाहीत" म्हणजे क्षार किंवा वास. "रानाला मीठ फुटलं" म्हणजे क्षार पृष्ठभागावर आले. "मासे वर आले" म्हणजे विरघळलेला प्राणवायू संपला. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोत नसेल तर २,०००. प्रयोगशाळेचा हा आकडा यायच्या कितीतरी आधी चुलीपाशी निदान झालेले असते. ते आम्ही अर्जात घेतले नाही. लेखकांनी कथेत घेतले नाही.

कागदाची भाषा

मंडळाचे संमतीपत्र, पर्यावरण अहवाल, जनसुनावणीचे इतिवृत्त हेही आपल्या काळाचे लेखन आहे. ते वाचायची सवय साहित्याच्या वाचकाला नाही, ती असावी असे मला वाटते.

या लेखनात कर्ता सहसा नसतो. सांडपाणी 'प्रक्रिया केले जाईल', 'वापरण्यात येईल', हरितपट्टा 'विकसित करण्यात येईल'. क्रिया भविष्यकाळात आणि कर्मणी. विहीर असते ती नमुना क्रमांक म्हणून. ती कोणी खणली, तिच्यावर किती एकर भिजते, तिचे पाणी कोण पिते, यांपैकी काहीही नमुना क्रमांकात मावत नाही. जनसुनावणीच्या इतिवृत्तात गावकऱ्याचे म्हणणे एका वाक्यात येते आणि प्रकल्पाचे उत्तर एका परिच्छेदात. तरीही १९९७ च्या दुरुस्तीने आणलेली ही सुनावणी मला मोलाची वाटते. कारण गावकऱ्याचे बोलणे, तोडकेमोडके का होईना, सरकारी दप्तरात उतरायची ती एक जागा आहे. इथेनॉलचे धोरण जोरात आल्यावर, २०२१ मध्ये, फक्त इंधनात मिसळायच्या इथेनॉलसाठी असलेल्या काही प्रकल्पांना केंद्राने 'बी-२' वर्गात टाकले. त्या वर्गाला जनसुनावणी लागत नाही. पेट्रोल आयात कमी व्हावी, उसाला भाव मिळावा, हे मलाही हवे आहे. पण त्या निर्णयाने जी जागा आखडली ती भाषेचीही होती, हे कोणत्या अग्रलेखात मी वाचले नाही.

आपलाच कारखाना

आता सर्वांत अवघड कारण. दुष्काळाच्या गोष्टीत खलनायक आभाळ असते, सावकार असतो. धरणाच्या गोष्टीत सरकार असते. नासलेल्या विहिरीच्या गोष्टीत समोर कोण असते? आपलाच कारखाना. सहकाराने शेतकऱ्याला मालक केले, ही त्याची थोरवी. पण मालकाने तक्रार कोणाविरुद्ध करायची?

माझे वडील एका कारखान्याचे सभासद होते. नाव लिहीत नाही. लिहिले तर लेख त्या एका कारखान्याचा होईल. नव्वदच्या दशकात आमच्या विहिरीला वास यायला लागला. वडिलांनी कारखान्याकडे अर्ज केला, तो मीच टंकला, 'दूषित' असाच. उत्तर आले नाही. त्या वर्षी आमच्या उसाला तोड एप्रिल अखेरीस मिळाली. तोवर उसाला तुरे आले होते, वजन घटले होते. या दोन गोष्टींचा संबंध वडिलांनी कधी जोडला नाही. मी मनात जोडत आलो, पण माझ्याकडे पुरावा नाही. त्या वर्षी इतरांचाही ऊस मागे राहिला होता. पुढच्या वर्षी त्यांनी अर्ज केला नाही. शेअरचा दाखला शेवटपर्यंत भिंतीवर, देवाच्या फोटोशेजारी होता.

आजही दिवाळीला सभासदाच्या कार्डावर सवलतीची साखर येते. आई तिचे लाडू वळते. पाकासाठी पाणी मात्र जारचे घेते, कारण विहिरीच्या पाण्याला वास येतो. या दोन गोष्टी एका ओट्यावर असतात आणि आमच्या घरात त्यावर कोणी बोलत नाही. कृतज्ञता आणि राग एकाच कार्डावर असले की माणूस गप्प बसतो. ही शांतता भित्रेपणाची आहे असे मला वाटत नाही. निदान तेवढीच नाही. वडिलांना कारखान्याचा अभिमान खरोखर होता. सरळ बाजू घेणाऱ्या लेखनाला, निषेधाच्या कवितेला, मोर्च्याच्या घोषणेला ही गोष्ट सापडत नाही याचे कारण हे आहे. तिला असा लेखक हवा जो एकाच माणसाला मालक, लाभार्थी, पीडित आणि थोडा दोषीही म्हणून पाहू शकेल.

शेजारी आणि दूरचे

असे लेखन होऊ शकते का? शेजारच्या कोकणीत झाले आहे. पुंडलिक नायक यांची 'अच्छेव' ही कादंबरी १९७७ ची. खाण आल्यावर गोव्यातल्या एका शेतकरी गावाचे काय होत जाते, हे तिने सांगितले. महत्त्वाचे असे की त्या गावात खाण फक्त वरून लादली जात नाही. गावातली माणसे तिच्याकडे ओढली जातात, शेत सोडून तिथे जातात, आणि बिघाड घरात शिरतो.

दूरचे उदाहरण जपानचे. मिनामाता गावी एका रासायनिक कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा मासळीतून माणसांत गेला. १९५६ मध्ये त्या रोगाची अधिकृत नोंद झाली. गावातला मोठा रोजगार त्याच कारखान्याचा, म्हणून तिथेही शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासे झाले. त्याच गावातल्या मिचिको इशिमुरे या गृहिणीने लहान नियतकालिकांतून लिहायला सुरुवात केली आणि १९६९ मध्ये तिचे पुस्तक आले. तिने वैद्यकीय अहवाल जसेच्या तसे ठेवले आणि त्यांच्या शेजारी कोळ्यांची बोली ठेवली. एक भाषा दुसरीत बदलून टाकली नाही. मी तीस वर्षे नेमके उलट केले. माझ्या दुकानात बोली आत यायची आणि अहवाल बाहेर पडायचा.

आक्षेप आणि एक प्रयत्न

कोणी म्हणेल, शब्दाने पाणी स्वच्छ होत नाही. त्यासाठी प्रक्रिया केंद्र लागते, तपासणी लागते, वीज तोडायची हिंमत लागते. खरे आहे. पण दुष्काळाच्या गोष्टीने काय केले ते आठवावे. दुष्काळाला शब्द होते, गाणी होती, कथा होत्या, म्हणून १९७२ मध्ये दुष्काळी कामे मागायला लोक न लाजता उभे राहिले आणि त्यातून रोजगार हमीचा कायदा घडला. शब्दांनी पाऊस पडला नाही, पण दुष्काळ ही सांगण्यासारखी, मागण्यासारखी गोष्ट झाली. नासलेली विहीर अजून खासगी लाज आहे. मुलीच्या सासरकडचे आले की पाण्याचा जार आधी आणून ठेवतात.

म्हणून ग्रामीण साहित्याच्या अभ्यासकांना माझी विनंती अशी की पाणी या विषयावर बोलताना दुष्काळ आणि धरण यांपाशी थांबू नये. लिहिणाऱ्या तरुणांना सांगणे एवढेच की तुमच्या आयांना आणि आज्यांना विहिरीविषयी विचारा, आणि त्या जे शब्द वापरतील ते सुधारू नका. मी स्वतः एक वही केली आहे. डाव्या पानावर सांगणाऱ्याचे शब्द, उजव्या पानावर तपासणीचे आकडे, जेव्हा मिळतील तेव्हा. बरीच उजवी पाने कोरी आहेत.

दुकान बंद असले तरी ओळखीचे लोक अजून अर्ज घेऊन येतात. गेल्या हंगामात शेजारच्या वस्तीवरची एक म्हातारी आली. मी तिला बोलू दिले आणि तिचे पहिले वाक्य विषयाच्या ओळीत तसेच ठेवले : "माझी विहीर नासली आहे." खाली डाळीचे, गुरांचे, वासाचे तिच्या शब्दांत लिहिले, आणि शेवटी क्षारांचा तपासलेला आकडा. अर्ज द्यायला मी बरोबर गेलो. आवक टेबलावरचा तरुण कारकून वाचत होता तेव्हा, भाषा सुधारून आणा असे तो म्हणेल, म्हणून मी उत्तराची तयारी करून उभा होतो. त्याने अर्ज पूर्ण वाचला. मग मान वर करून तिला विचारले, "आजी, कोणत्या चारीवर तुम्ही? आमचीपण नासलीय." आणि शिक्का मारला.

त्या अर्जाचे उत्तर अजून आलेले नाही. आले की तेही वहीत उजव्या पानावर उतरवून घेईन.